गडद विटांची भिंत घेताय? आधी सांध्याचा रंग ठरवा



अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितलाय? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, जवळपास 200 फूट उंच काळा खडक. लांबून नुसता काळा दिसतो. जवळ गेलात की उभे खांब दिसतात, आणि ते दिसतात मधल्या फटींमुळे.

गडद विटांच्या क्लॅडिंगचं गणित हेच आहे. ग्राहक टाईल निवडायला दोन तास घेतो आणि सांध्याचा रंग दोन मिनिटांत सांगतो, "काहीही टाका, ग्रे चालेल." भिंत पूर्ण झाल्यावर तोच म्हणतो, "दाखवलं होतं तसं नाही झालं." मग तुमचं शेवटचं पेमेंट अडकतं.

आधी मोजून बघू

230 बाय 75 मिमीची टाईल आणि 10 मिमीचा सांधा धरा. भिंतीचा सुमारे 15 टक्के भाग सांध्यानेच व्यापला जातो. म्हणजे 100 चौरस फुटांपैकी 15 चौरस फूट तुम्ही ग्राहकाला न दाखवता विकताय!

ऑर्डर देतानाही इथेच चूक होते. सांधा न धरता हिशोब केला तर 100 चौरस फुटांना 540 नग निघतात. सांधा धरला तर 455. तुटफूट 10 टक्के धरली तरी 500 नग पुरतात. सांधा 10 मिमी खोल भरायचा तर मसाला साधारण 25 ते 30 किलो लागेल. कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी लिहा.

तीन पर्याय, तीन परिणाम

1. टाईलच्याच रंगाचा सांधा: काळ्या किंवा कोळशासारख्या विटेला काळाच सांधा. भिंत एकसंध दिसते, लाईन थोडी हलली तरी लपते. सलून, कॅफेचा काउंटर, शोरूम अशा ठिकाणी शोभतो. पण लांबून वीट वाटतच नाही, सपाट पत्रा वाटतो. म्हणून इथे सांधा थोडा आत दाबून घ्या, सावली पडली की वीट उठून दिसते.

2. एक-दोन छटा फिकट राखाडी: नवीन माणसासाठी सगळ्यात सुरक्षित. वीट दिसते, डोळ्यात खुपत नाही, धूळही फार दिसत नाही.

3. क्रीम किंवा पांढरा: प्रत्येक वीट वेगळी दिसते, फोटो भारी येतो. पण कारागिराची प्रत्येक चूकही तेवढीच भारी दिसते. तुमचा मिस्त्री दोरी आणि स्पेसर लावून काम करणारा नसेल, तर हा पर्याय घेऊ नका.

सांध्याच्या रंगाने काय होऊ शकतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण शिकागोत आहे. फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टने 1910 च्या सुमारास पूर्ण केलेल्या रॉबी हाऊसमध्ये आडव्या सांध्यांत फिकट मसाला आहे आणि उभ्या सांध्यांत विटेच्या रंगाचा. उभे सांधे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि घर आणखी लांब, पसरट वाटतं. बोरिवलीतल्या अरुंद दुकानातही हीच युक्ती वापरता येते. दोन मसाल्यांची मजुरी तेवढी जास्त लावा.

मुंबईचा खरा शत्रू: लोणा

आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भिंतीत ओल शिरली की आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी सुकतं आणि पांढरी पूड राहते. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. फिकट भिंतीवर तो लपतो, काळ्यावर खडूने रेघ मारल्यासारखा दिसतो.

म्हणून बोअरचं खारं पाणी मसाल्याला वापरू नका. वाळू धुतलेली घ्या. भिंतीत गळती असेल तर आधी ती बंद करा, मग टाईल लावा. बाहेरच्या भिंतीवर सांधा खोल ठेवू नका, पाणी साचतं. बोटाने दाबल्यासारखा किंचित आत वळलेला सांधा पाणी खाली सोडतो. शेवटी वाफ बाहेर जाऊ देणारं पाणीरोधक सीलर मारा. आणि लोणा दिसला म्हणून लगेच ॲसिड ओतू नका, सांध्याचा रंग उडतो. आधी कोरड्या ब्रशने झाडा.

रंग साईटवर मिसळत असाल तर

आयर्न ऑक्साईडचा रंग घ्या, तो उन्हा-पावसात टिकतो. स्वस्त काजळीचा काळा हळूहळू धुऊन जातो. रंग सिमेंटच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या वर नेऊ नका, मसाला कमजोर होतो. क्रीम रंग हवा असेल तर पांढरं सिमेंटच लागेल. सगळ्या भिंतीचा कोरडा माल एकदम मिसळून ठेवा आणि प्रत्येक घमेल्यात पाणी मोजून घाला. पाणी बदललं की छटा बदलते. सकाळची भिंत आणि दुपारची भिंत वेगळी दिसते ती यामुळेच.

नमुना हीच तुमची पावती

समजा, घाटकोपरच्या एका कॅफेचं 100 चौरस फुटांचं काम 16,000 रुपयांना घेतलं. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. खर्च 12,500, हातात 3,500. ग्राहकाला सांधा आवडला नाही. तो ग्राइंडरने काढून परत भरायला 4,500 गेले. तुम्ही काम करून 1,000 रुपये स्वतःच्या खिशातून दिले!

हे टाळायला दोन बाय दोन फुटांचा प्लायचा तुकडा पुरतो. त्यावर तीच टाईल लावा, तीन रंगांचे सांधे भरा आणि सात दिवस सुकू द्या. ओला मसाला गडद दिसतो, सुकल्यावर फिकट होतो, म्हणून ओल्या नमुन्यावर होकार घेऊ नका. मग तो नमुना ग्राहकाच्या दुकानात, त्याच्याच दिव्याखाली उभा करा. पिवळ्या आणि पांढऱ्या लाईटमध्ये एकच राखाडी दोन रंगांचा दिसतो. पसंत पडलेल्या पट्टीमागे ग्राहकाची सही आणि तारीख घ्या. काम संपेपर्यंत तुकडा साईटवरच ठेवा.

या आठवड्याचं काम

तीन रंगांचा एक नमुना बोर्ड बनवा. मुलुंड असो वा अंधेरी, पुढच्या मीटिंगला कॅटलॉगच्या आधी तो टेबलावर ठेवा. ग्राहक भावावरून बोलायला आलेला असतो, पण बोर्ड बघितला की रंगावर बोलायला लागतो. तिथून पुढे तुम्ही त्याच्यासाठी नुसते लादीवाले राहत नाही, सल्लागार होता. आणि सल्ल्याचे पैसे मागायला लाजायचं नाही, मित्रांनो!