जुनी गाडी विकताना काय सांगायचं?

वाशिष्ठी नदीचं पाणी २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा उभ्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरातही हेच झालं होतं. बुडालेली गाडी भंगारात जाते, असं आपण धरून चालतो. दरवेळी तसं होत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या विमा रकमेच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी 'टोटल लॉस' धरून मालकाला पैसे देते आणि गाडी सॅल्व्हेज म्हणून विकली जाते. घेणारा तिचे सुटे भाग काढतो, नाहीतर धुऊन-पुसून, सीट कव्हरं बदलून तिला पुन्हा रस्त्यावर आणतो. विमा नसलेली गाडी कधी कधी मालक स्वतःच वाळवून विकायला काढतो. पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल, तर पुराची गोष्ट त्याच्या कानावर जाण्याचं कारणच उरत नाही.

असं लपवणं वाईट, हे कुणाला सांगावं लागत नाही. तरीही एरवी सरळ वागणारी माणसं गाडी विकताना बरंच काही पोटात ठेवतात. त्यामागे काही पक्क्या समजुती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक विकणाऱ्याच्याच अंगाशी येणाऱ्या आहेत.

'त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही'

सगळ्यात खोल रुजलेली समजूत हीच. तिच्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ती टिकून आहे. घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा, हा वस्तू विक्री अधिनियम, १९३० मधला मूळ नियम आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १७ सांगतं की नुसतं गप्प राहणं एरवी फसवणूक ठरत नाही. पण लोक इथेच थांबतात. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूकच, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे आणि अशा फसवणुकीने झालेला व्यवहार घेणाऱ्याला रद्द करून मागता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार अप्रामाणिक हेतूने वस्तुस्थिती लपवणं हीसुद्धा फसवणूक आहे. तशा फसवणुकीने पैसे द्यायला लावले, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

गप्प राहणं कुठे संपतं आणि झाकणं कुठे सुरू होतं, हे एअरबॅगच्या उदाहरणावरून कळेल. अपघातात उघडलेली एअरबॅग बदलणं महागाचं काम आहे. खर्च वाचवायला काही ठिकाणी नुसतं वरचं झाकण बसवून देतात, आत पिशवी नसतेच. मग डॅशबोर्डवर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅगचा, दिवा पेटून राहतो. तो दिसू नये म्हणून दिवा काढून टाकतात किंवा त्याची वायर शेजारच्या दुसऱ्या दिव्याला जोडून देतात. धड असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर एसआरएसचा दिवा काही सेकंद लागतो आणि स्वतंत्रपणे विझतो. तो लागतच नसेल, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबरच लागत-विझत असेल, तर आत काहीतरी केलेलं आहे. अशी गाडी विकणाऱ्याने वायर स्वतः जोडली नसेल. पण एअरबॅग नाही हे त्याला ठाऊक असेल, तर 'मला विचारलं नाही' हे उत्तर होत नाही. त्या सीटवर कुणाची तरी आई बसणार आहे.

पुराच्या गाडीचंही तेच. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅगचा कंट्रोलर मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो. म्हणजे पाणी इंजिनापर्यंत पोहोचायच्या आधी तो भिजतो. गाडी सुरू होते, चालते, एसीही गार करतो. पण कनेक्टरमध्ये गंज हळूहळू धरत राहतो. घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळलेल्या भागात गाळाची रेघ राहून जाते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट आणि डिकीतल्या स्टेपनीखालचा खळगा पाहावा. गालिचा उचलू द्यायला कुणी का-कू करत असेल, तर तिथेच थांबावं.

'जशी आहे तशी, असं लिहून घेतलं की सुटलो'

करारनाम्यात हे वाक्य हमखास असतं. ज्या दोषांची विकणाऱ्यालाही कल्पना नव्हती, किंवा जे समोर दिसत होते, त्यांच्यापुरता त्याचा उपयोग आहे. जाणूनबुजून झाकलेल्या दोषावर ते पांघरूण घालू शकत नाही. विकणारा वाहनांचा व्यापारी असेल, तर त्याची जबाबदारी आणखी मोठी, कारण त्याच्या जाणकारीवर विसंबून गिऱ्हाईक गाडी घेतं आणि फसलं तर ग्राहक आयोगात जाऊ शकतं. दोन खाजगी व्यक्तींमधला एखाद-दुसरा व्यवहार साधारणपणे ग्राहक कायद्याखाली येत नाही. तिथे दिवाणी न्यायालय किंवा पोलीस हा मार्ग उरतो.

'मीटर डिजिटल आहे, मागे जाणार कसं?'

जातं. आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो आणि तो बदलणारी यंत्रं बाजारात मिळतात. मीटर मागे घेतल्याचा सुगावा मात्र इतर गोष्टींमधून लागतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत प्रत्येक खेपेचं रनिंग लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: '३२२१' म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. २०१९ च्या गाडीला २०२३ चे चार टायर आणि मीटरवर वीस हजार किलोमीटर, हा हिशेब जुळत नाही. क्लचच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पाहिली तरी बरंच कळतं.

इथे विकणाऱ्याने स्वतःसाठी एक काळजी घ्यायला हवी. मीटर बहुतेक वेळा मालक नव्हे, तर मधला माणूस मागे घेतो, आणि वर्षभराने शोधत शोधत लोक मूळ मालकाच्या दारात येतात. गाडी देताना मीटरचा फोटो काढा आणि डिलिव्हरीच्या कागदावर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मीटर खरोखर बिघडून बदललेलं असेल, तर ते बिल जपून ठेवा आणि आधीच दाखवा.

'खरं सांगितलं तर भाव पडतो'

पडतो, पण दुरुस्तीच्या हिशेबाने पडतो. न सांगता नंतर कळलं, तर गाडीतल्या प्रत्येक गोष्टीवर संशय येतो आणि सौदाच मोडतो. हे बाजाराच्या पातळीवर कसं घडतं, ते जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन मांडलं. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे घेणाऱ्याला ओळखता आलं नाही, की तो प्रत्येक गाडीला मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजूला होतो, आणि बाजारात वाईट मालच उरत जातो. २००१ मध्ये त्यांना ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यात हा लेख मुख्य होता. आपल्याकडे 'नॉन-ॲक्सिडेंटल, सिंगल हँड, लेडी ड्रिव्हन' हे शब्द प्रत्येक जाहिरातीत येऊन निरर्थक झाले आहेत. नीट जपलेल्या गाडीच्या मालकालाही आज पडेल भाव ऐकावा लागतो, तो इतरांच्या थापांमुळे.

शिवाय प्रत्येक डेंटिंग-पेंटिंग म्हणजे अपघात नव्हे. पार्किंगमध्ये घासलेलं दार रंगवलं, तर गाडीच्या मजबुतीला काही होत नाही. पिलर कापून जोडला असेल, ॲप्रन बदलला असेल किंवा चॅसिसला मार असेल, तर गोष्ट वेगळी. घेणाऱ्याला हा फरक समजावून सांगणारा मालक दुर्मिळ आहे, आणि त्याच्यावर विश्वास बसतो.

'टीटी फॉर्मवर सह्या दिल्या, आता आपला संबंध नाही'

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी २००७ मध्ये विकलेली होती, त्यानंतर आणखी हात बदलले, २००९ मध्ये अपघात झाला. आणि नावबदल झालेला नसल्याने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, कोऱ्या सह्या करून एजंटाच्या हाती देणं म्हणजे स्वतःच्या नावावर दुसऱ्याला गाडी चालवू देणं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत नोंदणी असलेल्या डीलरला गाडी दिली, तर तशी सूचना ऑनलाइन द्यायची सोय आहे. डीलरकडे त्या नोंदणीचं प्राधिकारपत्र आहे का, हे आधी पाहा.

विम्याबाबतही स्पष्ट बोला. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर जातं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं, तर घेणाऱ्याला पॉलिसी आपल्या नावावर करावी लागते. नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, तो विकणाऱ्याकडेच राहतो. पूर्वी घेतलेले क्लेम सांगून टाका. बँकेचं कर्ज फिटलं, तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यावे लागतात.

राहिली ती 'ॲपवर सगळं दिसतं' ही समजूत. परिवहन खात्याच्या ॲपवर नोंदणी, कितवा मालक, विमा, पीयूसी, बोजा, चलन हे दिसतं. अपघात, पूर, काढलेली एअरबॅग दिसत नाही. ते फक्त मालकाला माहीत असतं.

म्हणून टोकन घेण्याआधी एक कागद करा. उदाहरणार्थ: 'मे २०२२ मध्ये पुढून डावीकडे धडक. डावा फेंडर आणि बंपर बदलला, ॲप्रनला मार नाही, विम्याचा क्लेम घेतला. पुरात किंवा साचलेल्या पाण्यात बुडाली नाही. एसीचा कॉम्प्रेसर अधूनमधून आवाज करतो.' खाली दोघांच्या सह्या आणि तारीख, एकेक प्रत दोघांकडे. तुम्ही विकणार असाल, तर हा कागद आजच लिहायला घ्या. घेणार असाल, तर मागा. द्यायला नकार आला, तर ती गाडी सोडून द्या.