ग्राफिक्स कार्डाचा ताप

ग्राफिक्स कार्ड हा गेमिंगच्या संगणकातला सर्वांत खादाड भाग. त्याने खाल्लेल्या विजेतून पडद्यावर चित्र उमटते, पण ती वीज अखेर जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. जीटीएक्स १६५० सारखे साधे कार्ड ७५ वॅट घेते, आरटीएक्स ३०६० हे मधल्या दर्जाचे कार्ड १७० वॅट, तर आरटीएक्स ४०९० तब्बल ४५० वॅट. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात या उष्णतेला आणखी दोन गोष्टी येऊन मिळतात: एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारा पारा आणि टॉवेलच्या मागांवरून उडणारी कापसाची धूळ. तापलेल्या कार्डाची इथली तक्रार पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीतल्या तक्रारीसारखी नसते, म्हणून तिचा तपासही थोडा वेगळ्या क्रमाने करावा लागतो.

उष्णता जिथे तयार होते ती जागा अगदी चिमुकली असते. आरटीएक्स ३०६० च्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे २७६ चौरस मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या लहान तिकिटाएवढे. कार्डाच्या १७० वॅटपैकी निम्मेच तिथे खर्च होतात असे धरले, तरी दर चौरस सेंटीमीटरला ३० वॅट पडतात. हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा एवढा मोठा असतो की तिथे हाच आकडा पाच-सहाच्या आसपास राहतो. ही उष्णता चिपवरून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून तांब्यात शिरते, तिथून हीट पाइपमधल्या वाफेबरोबर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांपर्यंत पोचते आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर बाहेर जाते. या वाटेवर कुठेही अडथळा आला की मागे सगळे तुंबते. तपास करायचा तो याच वाटेचा.

बहुतेकांचा गोंधळ पहिल्याच आकड्यापाशी होतो. गेम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये किंवा कार्डाचे नियंत्रण करणाऱ्या आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसला की कार्ड बिघडले असे वाटते. प्रत्यक्षात जड गेममध्ये हेच अपेक्षित आहे. पूर्ण वेगाने चालणाऱ्या मागाला कोणी बिघडलेला म्हणत नाही. उलट गेम अडखळत असेल आणि कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर कार्ड रिकामे बसले आहे आणि प्रोसेसर त्याला पुरेसे काम देऊ शकत नाही, असे समजावे.

मात्र फुकटच्या कामासाठी लागणारे शंभर टक्के वेगळे. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ६० च चित्रे दिसतात. मर्यादा घातलेली नसेल तर कार्ड हलक्या गेममध्ये दोनशे-तीनशे चित्रे काढत बसते आणि त्यातली बहुतेक कोणी पाहतही नाही. सर्वांत जास्त उधळपट्टी होते ती गेमच्या मेनूच्या पडद्यावर. तिथे दाखवायला फारसे काही नसते, त्यामुळे चित्रांचा वेग सुसाट सुटतो. २०१० साली स्टारक्राफ्ट टू हा गेम आला तेव्हा नेमके याच कारणाने कार्डे तापू लागली आणि तो बनवणाऱ्या ब्लिझर्डने सेटिंगच्या फाइलमध्ये वेगमर्यादा घालायला सांगितले. जुलै २०२१ मध्ये न्यू वर्ल्ड या गेमच्या चाचणीत काही महागडी आरटीएक्स ३०९० कार्डे बंदच पडली. त्या कार्डांमधला मूळ दोष सोल्डरिंगचा असल्याचे पुढे उत्पादकाने सांगितले, पण गेम बनवणाऱ्या ॲमेझॉननेही त्याच्या मेनूला वेगमर्यादा घातली. चित्रांचा वेग मॉनिटरशी जुळवणारे व्ही-सिंक चालू करणे किंवा ड्रायव्हरमध्ये सेकंदाच्या फ्रेमची, म्हणजे चित्रांची, कमाल संख्या ठरवून देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आश्चर्य म्हणजे लोक तो सर्वांत शेवटी करतात.

गेम बंद असतानाही कार्ड शंभर टक्के चालत असेल, तर संशय चोरट्या प्रोग्रामवर घ्यावा. क्रॅक केलेल्या गेमबरोबर क्रिप्टो खोदणारा प्रोग्राम संगणकात शिरणे ही काही नवलाची गोष्ट नाही. विंडोज १० च्या २०१७ सालच्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजर कोणता प्रोग्राम कार्ड वापरतो ते दाखवतो. काही चोर मात्र टास्क मॅनेजर उघडताच थांबतात, तेव्हा पंख्याचा आवाजच साक्ष देतो.

यानंतर तापमान. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन आकडे पाहायचे: चिपचे सर्वसाधारण तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सर्वांत गरम बिंदूचे. गेममध्ये ६५ ते ८० अंश ही नेहमीची पातळी. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांना ८३ अंशांचे लक्ष्य दिलेले असते. ते गाठले की कार्ड आपला वेग थोडा थोडा उतरवते. आरटीएक्स ३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश आहे. दहा मिनिटे गेम मस्त चालला आणि मग अडकू लागला, तर बहुधा हे वेग उतरवणेच कारण असते. कार्ड त्यात स्वतःला वाचवत असते.

पण हे आकडे खोलीचे तापमान माहीत असल्याशिवाय वाचू नयेत. हवेने थंड होणारे यंत्र त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ढोबळमानाने खोली जितके अंश चढते, तितकेच कार्डही चढते. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारे कार्ड पत्र्याखालच्या ४२ अंशांच्या खोलीत ८७ च्या घरात जाते. त्यात कार्ड तेच आणि गेमही तोच. परदेशी व्हिडिओत कोणाचे कार्ड ६८ अंशांवर दिसले म्हणून मे महिन्यात सोलापुरात आपले कार्ड सदोष ठरवणे चूक आहे. खोलीच्या वर कार्ड किती अंश चढते, हा फरक मोजून लिहून ठेवावा. हिवाळ्यात तो ४५ होता आणि आता ६० झाला, तर दोष उन्हाचा नाही.

हा फरक वाढवणारी पहिली संशयित म्हणजे धूळ, आणि इथली धूळ मातीची कमी, सुताची जास्त. टेरी टॉवेलच्या फासांसाठी कमी पिळाचे सूत लागते. अशा सुताचे तंतू विणताना सहज सुटतात आणि हवेत तरंगतात. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्याच टॉवेलचे तंतू कारखान्याला लागून असलेल्या ऑफिसात, जिथे दिवसा संगणकावर जकार्ड विणकामाची डिझाइन होतात आणि रात्री गेम चालतात, तिथे कॅबिनेटमध्ये सरळ ओढले जातात. मातीची धूळ पात्यांवर बसते, तर सुताचे तंतू पात्यांच्या कडांना अडकून एकमेकांत गुंततात. वरून पंखा स्वच्छ दिसतो. स्क्रू काढून पंख्याची जाळी उचलली की खाली नमद्यासारखा राखाडी थर सापडतो आणि त्यात एखादा निळा किंवा लाल धागाही असतो. चिमटीत धरून ओढला तर तो अखंड पट्टीसारखा सुटून येतो. पंखा पूर्ण वेगाने ओरडत असतो आणि वारा मात्र पात्यांतून पलीकडे जातच नाही.

साफसफाईसाठी हाताशी कॉम्प्रेसरची गन असते, कारण मागांवरची धूळ तिनेच उडवतात. कार्डावर ती जपून वापरावी. पाइपमध्ये साठलेले पाणी आधी सोडून द्यावे, दाब कमी करावा आणि पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण वाऱ्याने भरधाव फिरला तर बेअरिंग जाते. वारा आतून बाहेरच्या दिशेला मारावा. उलट मारला तर नमदा आणखी खोल बसतो. मागांच्या शेजारी हे काम दर महिन्या-दोन महिन्यांनी करावे लागते. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला बारीक फिल्टर लावला आणि तो आठवड्याला झटकला, तर एवढी वेळ येत नाही.

धूळ काढूनही फरक पडला नाही, तर कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तोच गेम खेळून पाहावा. तापमान आठ-दहा अंश उतरले, तर कार्ड निर्दोष आहे आणि कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे: पुढून हवा ओढणारा पंखा नाही, किंवा कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात खुपसलेले आहे. आकडा हलला नाही, तर अडथळा कार्डाच्या आतच आहे. साधे तापमान आणि हॉटस्पॉट यांत एरवी दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. तो पंचविसाच्या पुढे गेला असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा चिपच्या कडेला सरकली आहे. काही वर्षांनी हे होतेच. पेस्ट बदलायचे काम अवघड नाही, पण मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे मिळवावे लागतात. जाडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी हीटसिंक चिपला नीट टेकत नाही आणि आधीचा ताप बरा होता असे म्हणायची पाळी येते.

खोलीसाठी सोलापूरकरांचा भरवसा पाण्याच्या कूलरवर. कोरड्या मे महिन्यात तो खोली खरोखर थंड करतो आणि कार्डालाही त्याचा फायदा होतो, फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. पाण्याच्या थेंबांबरोबर क्षार आत जातात, सर्किटवर पांढरे डाग पडतात आणि ओलसर सुताचा चिखल होतो.

सगळे स्वच्छ असूनही उन्हाळा भारी पडत असेल, तर व्होल्टेज उतरवणे हा जाणकारांचा आवडता उपाय. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी केले, तर हा वापर सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. कंपन्या प्रत्येक चिप चालावी म्हणून थोडे जास्त व्होल्टेज ठेवतात, त्यामुळे बहुतेक कार्डे एवढी कपात सहन करतात. गेम बंद पडू लागला तर एक पायरी वर यावे. हे ज्याला जमत नसेल त्याने आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणावी. चित्रांचा वेग थोडाच उतरतो.

पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसू लागल्या तर मात्र हे उपाय संपले. तापणे आणि निवणे हजारो वेळा झाले की चिपखालच्या सोल्डरच्या बारीक थेंबांना तडे जातात. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपमधल्या अशाच दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. असे कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. ते कधीकधी चालूही होते, पण बहुधा काही आठवड्यांपुरतेच.