खाडीतून काढलेली जमीन



आज जिला आपण नवी मुंबई म्हणतो, ती वाशी-बेलापूरपासून पनवेल-उरणपर्यंतची पट्टी एके काळी भाताची आणि मिठागरांची होती. भात तेही पुष्कळसे खाऱ्या जमिनीतले. समुद्राशी भांडून जमीन मिळवायची, हा इथल्या आगरी शेतकऱ्याचा पिढीजात उद्योग.

ही जमीन होई कशी? खाडीकाठी चिखलमातीचा लांबलचक बांध घालीत. त्यात झडपेची उघाडी बसवीत. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने झडप आपली आपण मिटे. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाई. काही पावसाळे असे मीठ धुपले, की भात घ्यायचे. नांगर नाही, लावणी नाही. बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकले की झाले. राता हा लाल दाण्याचा भात खारेपणा सोसणारा.

सोपे वाटते ना? पण सारा जीव बांधात. खेकड्याने पाडलेले बीळ दुर्लक्षिले तर उधाणात तिथेच खांड पडे, आणि एकदा खारे पाणी शिरले की ते पीक तर जाईच, पुढचीही आशा नसे. तेव्हा रात्री-अपरात्री सारा गाव माती घेऊन धावे. माझे शेत, तुझे शेत हा हिशेब बांधावर चालत नसे.

जमीन कसणाऱ्याची मात्र नव्हती. ती बहुधा खोत-सावकारांची. 1948 च्या खारजमीन कायद्याने सरकारने बांधांच्या कामात हात घातला, आणि कूळकायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1957 हा 'कृषकदिन' ठरून कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. पण सात-बारावरची शाई वाळते न वाळते तोच 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली, ती या लढ्यातून.

आता एक गंमत सांगतो. शहर बांधणाऱ्यांनाही समुद्राशी गाठ पडलीच. जमीन सखल, भरतीत पावसाचे पाणी जाणार कुठे? म्हणून त्यांनी धारण तलाव केले आणि त्यांना झडपा बसवल्या: भरतीला मिटणाऱ्या, ओहोटीला उघडणाऱ्या. आपली उघाडीच की ती! गाळ साचला की तलावात पाणी कमी मावते, हेही जुन्या बांधकऱ्याला नवे नाही.

शिक्षकांनी वर्गातल्या मुलांना ही झडप जरूर दाखवावी, आणि गावठाणातल्या एखाद्या आजोबांना सोबत न्यावे. उघाडी तुंबली तर काय करीत, ते त्यांनाच विचारा.