तागाचा बेवड

आत्याकडे उसाचा खोडवा मोडला की आडसाली लागणीआधी रानात ताग पडतोच. यंदा आषाढात गेलो तेव्हा तो छातीला लागला होता आणि शेंड्याला पहिली पिवळी फुलं दिसत होती. एकरी वीस-पंचवीस किलो बी फोकलेलं, त्यामुळे आत शिरायला वाट नव्हती.

मी बांधावरूनच एक झाड उपटलं. मुळं साफ. एकही गाठ नाही.

"उपटून बघत्यात व्हय? गाठी मातीतच राहत्यात," दादा म्हणाला. त्यानं खुरप्यानं दुसरं झाड ढेकळासकट काढलं आणि बादलीत हलक्या हातानं हलवलं. माती सुटत गेली तशा गाठी दिसू लागल्या. काही मोहरीएवढ्या, काही आल्याच्या कुडीसारख्या फांद्या फुटलेल्या.

एक नखानं फोडली. आत गुलाबी, ओलसर, थेट मांसासारखी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना श्वासाला प्राणवायू लागतो, पण हवेतला नत्र बांधणारं त्यांचं विकर प्राणवायूनंच निकामी होतं. म्हणून हे प्रथिन प्राणवायू धरून ठेवतं आणि मोजूनमापून सोडतं. आतून पांढरी किंवा हिरवट निघालेली गाठ कामाची नाही.

हवेत ७८ टक्के नत्र, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. जिवाणू तो अमोनियाच्या रूपात देतात, बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. रानात युरिया ओतला की हा व्यवहार थंडावतो. आयतं मिळाल्यावर झाड तरी साखर कशाला खर्चील? जर्मनीत हेलरीगल आणि विल्फार्थ यांनी गाठींचं हे काम १८८० च्या दशकात सिद्ध केलं. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे सांगायला आपले शेतकरी त्यासाठी थांबले नव्हते.

मात्र बेवडाचाही हिशेब असतो. सोयाबीनचा बराचसा नत्र दाण्यात जातो आणि दाणा बाजारात. रानाला उरतो मुळांचा आणि गळलेल्या पाल्याचा. तागाचं काहीच घरी न्यायचं नसतं, सगळा गाडायचा.

"मग फुलं भरू देत की," मी म्हटलं. दादानं दोन झाडं मोडून दाखवली. आतलं कोवळं, काकडीसारखं कट्कन तुटलं. बांधाकडेचं आगाप पडलेलं नुसतं वाकलं, सालीचा धागा सुटेना.

"ह्ये कुजायला लई दिवस घेतंय," म्हणत त्यानं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.