विश्वस्तांचे वकील आणि त्यांची जबाबदारी

विश्वस्ताने ठेव बुडविली, तर त्याचे दस्तऐवज लिहून देणाऱ्या वकिलानेही ती भरून द्यावी काय? ज्याच्या लेखणीने व्यवहार पार पडला तो नामानिराळा कसा राहील, असे सामान्य माणसास वाटते. या प्रश्नाचा कस इंग्लंडात १८७४ साली ‘बार्न्स विरुद्ध ॲडी’ या खटल्यात लागला.

ॲडी हा एका कुटुंबाच्या ठेवीचा एकटाच उरलेला विश्वस्त होता. त्या ठेवीचा अर्धा भाग बार्न्सच्या पत्नीसाठी व मुलांसाठी होता. त्या भागापुरता बार्न्सलाच एकटा विश्वस्त नेमावयाचे ॲडीने ठरविले. मुलांचे द्रव्य त्यांच्या बापाच्या एकट्याच्या हाती देणे जोखमीचे आहे, असा इशारा ॲडीचे वकील डफील्ड यांनी दिला. तरीही अशिलाचा आग्रह पाहून त्यांनी कागद तयार केले. बार्न्सचे वकील प्रेस्टन यांनी त्याच्या पत्नीस या नेमणुकीची कल्पना देऊन तिची संमती विचारली, व ती मिळालीही. पुढे बार्न्सने ते द्रव्य स्वतःच्या कामी लावले आणि त्याचे दिवाळे निघाले. मुलांनी ॲडीबरोबर दोन्ही वकिलांवरही दावा लावला.

ॲडी जबाबदार ठरला. वकील मात्र सुटले. लॉर्ड सेल्बोर्न यांनी सांगितलेल्या तत्त्वाचा आशय असा: विश्वस्त आपल्या कायदेशीर अधिकारात जे व्यवहार करतो, त्यांत त्याचा प्रतिनिधी म्हणून वागणारा माणूस तेवढ्यानेच विश्वस्ताच्या भारास पात्र होत नाही, मग तो व्यवहार न्यायालयास नापसंत का असेना. ही जबाबदारी दोन प्रसंगी येते. एक, ठेवीचे द्रव्य त्याने स्वतः स्वीकारून त्याचा भार आपल्यावर घेतला असेल तर; आणि दुसरा, विश्वस्ताच्या लबाडीच्या बेतास त्याने जाणूनबुजून हातभार लावला असेल तर. डफील्ड व प्रेस्टन यांनी ठेवीतील पैसा घेतला नव्हता, आणि बार्न्सच्या मनात कपट आहे हे त्यांस ठाऊक नव्हते.

असा नियम नसता तर विश्वस्तांचे काम पत्करण्यास कोणी प्रामाणिक वकील धजला नसता, आणि सल्ल्यावाचून चाचपडणाऱ्या विश्वस्तांच्या चुकांचा फटका अखेर वारसांनाच बसला असता. वकिलाचे कर्तव्य प्रथमतः आपल्या अशिलाशी असते. निष्काळजी सल्ल्यामुळे अशिलाचे नुकसान झाल्यास त्याबद्दल तो अशिलास उत्तरदायी असतो, ही गोष्ट वेगळी.

१९९५ साली प्रिव्ही कौन्सिलने ‘रॉयल ब्रूनेई एअरलाइन्स विरुद्ध टॅन’ या खटल्यात वरील दुसऱ्या प्रसंगाचा खुलासा केला. विश्वस्त स्वतः लबाड होता की नव्हता हा मुख्य प्रश्न नव्हे. मदत करणारा अप्रामाणिक होता काय, हे पाहावयाचे. त्यामुळे भोळ्या विश्वस्ताला चुकीच्या वाटेने नेणाऱ्या धूर्त सल्लागारास सुटण्याची वाट राहिली नाही.

हिंदुस्थानच्या १८८२ च्या विश्वस्त कायद्याचे ८८ वे कलमही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दुसऱ्याचे हित राखण्यास बांधलेल्या व्यक्तींत त्याने कायदेशीर सल्लागाराचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्या नात्याचा उपयोग करून त्याने स्वतःचा आर्थिक लाभ साधला, तर तो लाभ ज्याचे हित राखावयाचे त्याच्यासाठीच धरून ठेवावा लागतो.

बार्न्सच्या मुलांना द्रव्य मागण्यासाठी ॲडीचेच दार उरले. एवंच, वकिलाने धोका दाखवावा, तो लेखी दाखवावा, आणि कपटाची चाहूल लागताच हात आखडता घ्यावा. परंतु ठेवीवर पहारा देण्याचे ओझे विश्वस्ताच्याच खांद्यावर असते, आणि वकिलाचा सल्ला घेतल्याने ते उतरत नाही.