वर्क्सवर्थ: खाणकामगारांची नावं जपलेलं गाव

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बी शहरापासून वायव्येला वीसेक किलोमीटरवर वर्क्सवर्थ आहे. चुनखडीच्या टेकड्यांच्या उतारावर वसलेलं हे लहानसं गाव. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, करड्या दगडांची घरं आणि मधोमध सेंट मेरीचं जुनं चर्च. गावाबाहेर मिडलटन किंवा ब्रॅसिंग्टनच्या माळावर गेलं, की गवताखालची जमीन खड्ड्या-उंचवट्यांनी भरलेली दिसते. हे उंचवटे एका रेषेत जातात, कारण जमिनीखालची शिशाची शीरही तशीच गेलेली असते. शिरेचा माग काढत शेकडो वर्षं माणसं इथे खणत राहिली आणि निघालेला दगड खड्ड्याच्या तोंडाशी टाकत राहिली.

इथलं शिसं रोमन लोकांनीही नेलं. 835 साली रेप्टनच्या मठप्रमुख बाईंनी इथली जमीन दुसऱ्याला लावून दिली, तेव्हा दरवर्षी 300 शिलिंग किमतीचं शिसं कँटरबरीच्या चर्चला पोचवायची अट घातली होती. 1086 च्या डूम्सडे बुक या राजाच्या नोंदवहीत वर्क्सवर्थच्या नावापुढे शिशाच्या तीन कारखान्यांची नोंद आहे. पण आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून लोक या गावाचं नाव शोधत येतात ते शिशासाठी नव्हे. आपला खापरपणजोबा इथल्या खाणीत होता, एवढंच त्यांना ठाऊक असतं आणि त्यापलीकडचं हवं असतं.

गरीब माणसाचा कुळशोध बहुतेक ठिकाणी लवकर थांबतो. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याने मृत्युपत्र केलं नाही, त्याचं नाव चर्चच्या वहीत फार तर तीनदा येतं: बाप्तिस्मा, लग्न, दफन. वर्क्सवर्थच्या परिसरात मात्र तसं होत नाही. इथल्या खाणकामगाराला एक हक्क होता आणि तो हक्क बजावताना त्याचं नाव लिहून घ्यावं लागे. या गावाचं मोठेपण मला यातच दिसतं.

तो हक्क असा. या मुलखातल्या बऱ्याच जमिनीला राजाचं क्षेत्र म्हणत. तिथे जमिनीचा मालक कोणीही असो, शिसं शोधायची मुभा कोणालाही होती. चर्चचं आवार, बागा, फळबागा आणि हमरस्ते तेवढे वगळलेले. शीर सापडली, की माणूस बारमास्टर या अधिकाऱ्याला बोलावी. पहिल्या खनिजातून एक माप भरून देई आणि बारमास्टर वहीत त्याच्या नावे खाण चढवी. वर्क्सवर्थ भागात खाणीचा एक पट्टा 29 यार्डांचा धरत. शोधणाऱ्याला दोन पट्टे, तिसरा राजाचा. शिवाय निघालेल्या खनिजाचं दर तेरावं माप राजाचं, आणि चर्चचा दशांश वेगळा. त्यावरून तंटे झाले, आणि तंटा झाला की साक्षीपुराव्यात आणखी नावं आली. वंशजांच्या दृष्टीने पूर्वजांची भांडणं ही मोठीच कृपा म्हणायची.

हक्क टिकवायचा तर खाण चालू ठेवावी लागे. खाणीच्या तोंडावरचा लाकडी रहाट ही ताब्याची खूण. काम बंद पडलंय अशी तक्रार आली, की बारमास्टर त्या रहाटाच्या लाकडावर खाच पाडी. आठवड्याने दुसरी, मग तिसरी. तीन खाचा पडल्या आणि तरी काम सुरू झालं नाही, की खाण दुसऱ्या मागणाऱ्याकडे जाई. 1288 साली अ‍ॅशबोर्नला चौकशी बसली आणि हे रीतिरिवाज लेखी आले. त्यात खनिजचोरीची शिक्षाही आहे: तिसऱ्यांदा सापडलेल्या चोराचा हात सुरीने रहाटाला खिळायचा. 1653 मध्ये खाणींच्या न्यायालयाचा कारभारी एडवर्ड मॅनलव्ह याने सगळे नियम पद्यात रचून छापले. 1851 आणि 1852 मध्ये पार्लमेंटने त्यांना कायद्याचं रूप दिलं.

ज्या न्यायालयापुढे हे सगळं चाले ते बारमोट न्यायालय आजही भरतं. वर्क्सवर्थच्या चॅपल लेनवर 1814 साली बांधलेली एक छोटी इमारत आहे, मूट हॉल. दर एप्रिलमध्ये तिथे खाणींचं पंचमंडळ जमतं. आठव्या हेन्रीच्या काळातलं, 1513 सालचं पितळी माप तिथेच ठेवलेलं आहे. खनिज मोजायची लाकडी मापं त्याच्याशी ताडून पाहत. पंचांना पाव, चीज, बिअर, मातीचे पाइप आणि तंबाखू द्यायची चालही टिकून आहे.

पूर्वज शोधणाऱ्याने आधी चर्चच्या वह्या बघाव्यात. इंग्लंडमध्ये 1538 पासून चर्चने नोंदी ठेवाव्यात असा हुकूम आहे, पण 1813 पूर्वीच्या वहीत बापाचा धंदा बहुधा सापडत नाही. त्या वर्षापासून छापील नमुना आला आणि बाप्तिस्म्याच्या ओळीत धंदा लिहिला जाऊ लागला. लग्नाच्या नोंदीत 1754 पासून नवरा-नवरीची सही किंवा फुली मिळते. मूळ वही हरवली असेल, तर बिशपकडे दरवर्षी जाणारी तिची नक्कल बघावी. 1884 पर्यंत इथली डर्बीशायर काउंटी लिचफील्डच्या बिशपच्या अखत्यारीत होती. 1858 पूर्वीची मृत्युपत्रंही लिचफील्डलाच मंजूर होत, आणि ती वाचायलाच हवीत. इथल्या खाणींचे चोवीस वाटे पाडत. त्या वाट्याचा अर्धा, पाव हिस्सा बायकोला, मुलीला, पुतण्याला लिहून दिलेला असतो. एका कागदात तीन पिढ्या नात्यांसकट मिळतात.

खरी अडचण नावांची आहे. मोजकीच आडनावं, त्यात पिढ्यानपिढ्या जॉन, विल्यम, जॉर्ज, थॉमस. मूल दगावलं, की पुढच्या मुलाला तेच नाव. एकाच दशकात एकाच नावाचे चौघे खाणकामगार भेटतात. इथे खाणीची वही कामी येते. एकाचं नाव मिडलटनच्या खाणीवर असतं, दुसऱ्याचं ब्रॅसिंग्टनच्या, आणि माणसं वेगळी करता येतात. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याला अनेकदा दिसत नाहीत. त्यांच्या प्रार्थनागृहांच्या जुन्या वह्या 1837 नंतर सरकारजमा झाल्या. हा पंथ खाणकामगारांत फार रुजला होता. कादंबरीकार जॉर्ज एलियटची काकू एलिझाबेथ इव्हान्स वर्क्सवर्थमध्येच राहणारी मेथडिस्ट प्रवचनकार होती. 'अ‍ॅडम बीड'मधली डायना मॉरिस तिच्यावरून सुचली.

ही माणसं जगत कशी होती? लेखक डॅनियल डीफो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथून गेला. ब्रॅसिंग्टनजवळच्या टेकडीवर त्याला गुहेत राहणारं एक कुटुंब भेटलं. नवरा खाणीत, पाच पोरं, गुहा झाडून-पुसून लख्ख, छताला डुकराचं खारवलेलं मांस टांगलेलं, बाहेर बार्लीचा तुकडा. नशीब असेल तर नवऱ्याला दिवसाला पाच पेन्स सुटत. बायको खनिज धुवायला जाई. दिवसभर राबली तर तीन पेन्स. तिचं नाव डीफोने लिहिलेलं नाही. खनिज फोडणाऱ्या, धुणाऱ्या, टाकलेल्या ढिगाऱ्यातून कण वेचणाऱ्या बायका या धंद्याचा मोठा भार उचलत होत्या. खाणीच्या वहीत त्या येतात त्या बहुधा विधवा झाल्यावर, नवऱ्याचा वाटा नावावर चढला तेव्हा. माझ्या मते ही या नोंदींची सर्वांत मोठी उणीव आहे. कुळशोध घेणाऱ्याने दरवेळी आईच्या माहेरचं आडनावही तितक्याच चिकाटीने शोधावं.

सेंट मेरीच्या भिंतीत हातभर उंचीसुद्धा नसलेली एक कोरीव आकृती बसवलेली आहे. एका हातात कुदळ, दुसऱ्यात टोपली, अंगावर आखूड अंगरखा. जवळच्या बॉन्सल गावातून आलेला हा मध्ययुगीन खाणकामगार. इथले लोक त्याला 'म्हातारबुवा' म्हणतात आणि आपल्या आधी खणून गेलेल्या सगळ्यांनाही त्याच नावाने ओळखतात.

1771 साली जवळच क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइटने पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली आणि खाणकामगारांच्या बायकापोरांना तिथे काम मिळालं. एकोणिसाव्या शतकात परदेशी शिसं स्वस्त पडू लागलं, खोल खाणींतलं पाणी उपसणं महाग झालं, आणि घरं रिकामी होऊ लागली. माणसं चुनखडीच्या दगडखाणीत, कोळशाच्या मुलखात, समुद्रापार गेली. त्यांचा माग जनगणनेत लागतो. 1841 ची पहिली नावनिशीवार गणना जपून वापरावी, कारण पंधरा वर्षांवरच्यांची वयं तीत बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत. 1851 पासून जन्मगाव मिळतं आणि डरहॅमच्या कोळसाखाणीतला माणूसही पुन्हा वर्क्सवर्थशी जोडता येतो. 1921 ची गणना 2022 मध्ये खुली झाली. 1931 ची 1942 च्या आगीत जळाली.

डर्बीजवळच्या डफील्डहून जुन्या धाटणीची एक्लेसबर्न व्हॅली रेल्वे ठरलेल्या दिवशी वर्क्सवर्थला येते. मे महिन्याच्या शेवटी आलात तर पाणवठ्यांची सजावट बघायला मिळेल. लाकडी चौकटीत ओली माती थापून त्यात पाकळ्या रोवून चित्रं करतात. माळावर फिरताना पायवाट सोडू नये, खाणींच्या सगळ्या जुन्या विहिरी झाकलेल्या नाहीत. मॅटलॉक बाथचं खाणसंग्रहालय पाहावं. काउंटीचं अभिलेखागार शेजारच्या मॅटलॉकमध्ये आहे. तिथे जाताना पूर्वजाचं नाव, चर्चचा इलाखा आणि अंदाजे दशक लिहून न्यावं, आणि चर्चच्या वहीबरोबर बारमास्टरची वहीही मागावी.