गरोदरपणातील गोळ्या आणि बाळाचे आरोग्य

सातव्या महिन्यातल्या ओटीभरणाला आपल्या समाजात काही कमी पडत नाही. पण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. तेव्हा सुनेलाही दिवस गेल्याचे नीट कळलेले नसते. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी मूल हवे असे ठरले की लगेच, डॉक्टरांना विचारून सुरू करावी.

चौथ्या महिन्यापासून सरकारी लाल गोळी मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. ती १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची. आईच्या दुधात लोह थोडेच असते, त्यामुळे पहिले सहा महिने बाळ पोटात असताना साठवलेल्या लोहावर काढते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, ठेव आधीच भरावी लागते. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. मात्र गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याचे संत्रे जोडीला खावे, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते.

आता गोळ्यांपलीकडचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले अभ्यासली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. निम्म्याहून अधिक मातांना ब-१२ कमी होते. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले. मधुमेहाची वाट तिथूनच जाते. माळकरी घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण ब-१२ भाजीपाल्यात नसते. दूध-दही रोज हवे, आणि ब-१२ ची तपासणी करावी का ते डॉक्टरांना विचारावे. म्हणून फोलिकची गोळी सोडायची, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळ, दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे पदार्थ. एकूण पाहता बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली. गरोदरपणातला मधुमेहही १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आला, आणि आम्हाला हा आकडा वजनापेक्षा मोठा वाटतो.

"बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल" म्हणून सुनेला कमी वाढणाऱ्या सासवा अजून आहेत. त्यांनी सुनेबरोबर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात जावे. त्या दिवशी गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. हिमोग्लोबिनचा आकडा स्वतःच विचारून घ्यावा.